सोव्हिएत काळातले संगीतकार आणि त्यांचे गुरू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य संगीत ऐकण्याच्या आमच्या बैठकीत शोस्ताकोविच लावला, की दुसऱ्या दिवशी फोनवर प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदाची लिहून टाकली. सगळ्यांना स्टालिनबद्दल ऐकायचं असतं. मला मात्र कोण कोणाकडे शिकलं याच्यात जास्त रस आहे. तो कल उत्तरांत दिसेल, तेवढं सांभाळून घ्या.

१. सोव्हिएत संगीतकार म्हणजे रशियनच ना?

नाही. सोव्हिएत संघ १९२२ ते १९९१ या काळात होता आणि त्यात पंधरा प्रजासत्ताकं होती. अराम खाचातुरियान आर्मेनियन, जन्म तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचा. कारा कारायेव अझरबैजानचे, आर्वो पार्ट एस्टोनियाचे. सोफिया गुबायदुलिना यांचे वडील तातार होते. मिएचिस्लाव वाइनबर्ग वॉर्साचे ज्यू. १९३९मध्ये जर्मन सैन्य आलं तेव्हा ते पळून सोव्हिएत हद्दीत शिरले. सेर्गेई प्रोकोफिएव यांचं जन्मगाव सोंत्सोवका आज युक्रेनमध्ये आहे. उलट राखमानिनोव आणि स्त्राविन्स्की रशियन असूनही या यादीत येत नाहीत. ते बाहेर गेले ते बाहेरचेच झाले.

२. ही नावं एवढी लांब का? आणि एकाच माणसाला तीन-तीन नावांनी का हाक मारतात?

मराठी माणसाला हे खरं तर समजावून सांगावं लागू नये. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर या नावात मधलं नाव वडिलांचं. रशियनांचंही तसंच. द्मित्री द्मित्रिएविच शोस्ताकोविच म्हणजे द्मित्रीचा मुलगा द्मित्री. फरक एवढाच, की रशियन विद्यार्थी गुरूला आडनावाने हाक मारत नाही. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव मिळून जी जोडी होते, तीच आदरार्थी हाक. वर्गात शोस्ताकोविच म्हणजे ‘द्मित्री द्मित्रिएविच’. पियानोचे थोर शिक्षक हाइनरिख नेउहाउस म्हणजे ‘गेनरिख गुस्तावोविच’. परकीय ‘ह’चा रशियनमध्ये पुष्कळदा ‘ग’ होतो, म्हणून रशियन पुस्तकात ते नेइगाउझ या रूपात भेटतात. माणूस एकच.

३. मी फक्त रागसंगीत ऐकतो. सुरुवात कुठून करू?

घरात मूल असेल तर प्रोकोफिएव यांच्या ‘पीटर आणि लांडगा’पासून. १९३६ साली मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी, नताल्या सात्स यांच्या आग्रहावरून लिहिलेली ही वाद्यवृंदातली गोष्ट. बदकाला ओबो, मांजरीला क्लॅरिनेट आणि कुरकुरणाऱ्या आजोबांना बासून हे खर्जातलं फुंकवाद्य. खाचातुरियान यांचा तलवारींचा नाच तुम्ही आधीच ऐकलेला असेल, फक्त नाव माहीत नसेल.

एकट्याने शांत बसून ऐकायचं असेल तर शोस्ताकोविच यांचं आठवं स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना), १९६०चं. वीसेक मिनिटांचं आहे. ऐकण्याआधी एवढं करा: पेटीवर पांढरी एक सा धरा आणि वाजवा रे, कोमल ग, सा, खालचा शुद्ध नी. जर्मन स्वरलिपीत या चार सुरांची अक्षरं डी, एस, सी, हा अशी वाचतात आणि त्यातून त्यांच्या नावाची आद्याक्षरं बनतात. क्वार्टेट याच चार सुरांनी उघडतं आणि ते शेवटपर्यंत कुठे ना कुठे डोकावत राहतात. बंदिशीत ‘सदारंग’ किंवा ‘प्रेमपिया’ अशी मुद्रा येते ना, तसंच. इथे मुद्रा शब्दांत नाही, सुरांत आहे.

४. लहान मुलांना संगीत शिकवण्याची त्यांची पद्धत नेमकी काय होती?

तीन पायऱ्या होत्या. पहिली सात वर्षांची बालसंगीतशाळा. नेहमीची शाळा सुटल्यावर तिथे जायचं. शुल्क थोडंच. वाद्याचा धडा एकेकट्याला, आणि जोडीला सामूहिक गायन, संगीतसाहित्य आणि सोल्फेज, म्हणजे सूर वाचण्याचा आणि कानाने ओळखण्याचा तास. दुसरी पायरी चार वर्षांचं संगीत विद्यालय आणि तिसरी पाच वर्षांची कॉन्झर्व्हेटरी. फार हुशार मुलांसाठी कॉन्झर्व्हेटरीला जोडलेल्या खास शाळा वेगळ्या. मॉस्कोची केंद्रीय संगीतशाळा त्यांतली सर्वांत नावाजलेली.

सोल्फेजबद्दल हमखास गोंधळ होतो. दो-रे-मी म्हणजे आपला सा-रे-ग, असं समजून लोक पुढे जातात आणि अडकतात. आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो. त्यांचा ‘दो’ कायम पांढरी एक, जागचा हलत नाही. शिक्षक पियानोवर चार सूर एकदम दाबतो आणि मुलाने ते कानाने ओळखून वहीत लिहायचे. आठ-नऊ वर्षांच्या वयापासून हे दर आठवड्याला. पुढे ते मूल इंजिनियर झालं तरी त्याचा कान घडलेलाच राही.

शिक्षण संपलं की सरकार नेमणूक देई, तीही बहुधा दूरच्या गावी. त्यामुळे मॉस्कोत शिकलेला व्हायोलिनवाला सायबेरियातल्या एखाद्या खाणगावात मुलांना धडे देताना सापडे. नेमणूक झालेल्याला ते किती आवडत असेल, हा भाग वेगळा.

५. त्यांच्याकडे घराणी होती का?

तो शब्द नव्हता, गोष्ट मात्र तीच. रिम्स्की-कोर्साकोव यांचे शिष्य आणि जावई माक्सिमिलियान श्टाइनबर्ग. त्यांचे शिष्य शोस्ताकोविच. शोस्ताकोविच यांच्याकडून गेओर्गी स्विरिदोव, कारा कारायेव, गालिना उस्त्वोल्स्काया. ही लेनिनग्राडची, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गची, ओळ.

मॉस्कोची ओळ ग्लिएर यांच्यापासून मोजतात. राइनहोल्ड ग्लिएर १९०२च्या उन्हाळ्यात सोंत्सोवकाला गेले ते अकरा वर्षांच्या प्रोकोफिएवला शिकवायला. शिकवणी झाली की दोघं क्रोके आणि बुद्धिबळ खेळत. प्रोकोफिएवपेक्षा वयाने बरेच मोठे असलेले निकोलाय म्यास्कोव्स्कीही ग्लिएर यांच्याकडे शिकले. म्यास्कोव्स्की यांनी १९२१ ते १९५० मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकवलं आणि सत्तावीस सिंफनी लिहिल्या. त्या आज फारशा वाजत नाहीत, पण त्यांच्या वर्गात खाचातुरियान, काबालेव्स्की आणि शेबालिन तयार झाले.

खाचातुरियान यांचं उदाहरण मला सगळ्यांत लोभस वाटतं. बुकबाइंडरचा मुलगा. मॉस्कोत आला तेव्हा विशीच्या आसपासचा आणि स्वरलिपीही धड वाचता येत नव्हती. ग्नेसिन भगिनींनी १८९५ साली काढलेल्या शाळेत त्याला चेलोसाठी घेतलं. येलेना ग्नेसिना यांनी ती शाळा झारच्या काळापासून १९६७मध्ये वारल्या तोवर सांभाळली. मधे सरकारं बदलली, युद्धं झाली, शाळेची संस्था झाली, बाई मात्र तिथेच.

६. वादकांचे मोठे गुरू कोण?

दोन नावं सांगतो. ओदेसाचे प्योत्र स्तोल्यार्स्की, व्हायोलिनचे. दावीद ओइस्त्राख आणि नाथान मिल्स्टाइन दोघंही लहानपणी त्यांच्या हाताखालचे. १९३३ साली त्यांच्यासाठी ओदेसात खास शाळा निघाली आणि तिला जिवंतपणीच त्यांचं नाव दिलं गेलं. ‘माझ्या नावाच्या शाळेत या’ असं ते मोडक्या रशियनमध्ये सांगत, हा विनोद ओदेसात अजून चालतो. पुढे ओइस्त्राख यांच्याकडे गिदोन क्रेमर शिकले आणि गुबायदुलिना यांचं ‘ऑफर्टोरियम’ हे कन्चेर्तो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदाची रचना) १९८०मध्ये क्रेमरसाठीच लिहिलं गेलं.

दुसरे नेउहाउस. १९३७ साली ओदेसाहून स्वियातोस्लाव रिख्तर नावाचा बावीस वर्षांचा तरुण त्यांच्यासमोर येऊन बसला. कॉन्झर्व्हेटरीचं शिक्षण नाही, ऑपेरात साथीला वाजवून शिकलेला. नेउहाउस यांनी घेतलं. राजकीय विचारसरणीच्या तासांना दांडी मारतो म्हणून कॉन्झर्व्हेटरीने त्याला दोनदा काढलं आणि तो परत आला तो गुरूमुळेच. मॉस्कोत घर नव्हतं, तेव्हा तो गुरूच्या घरी पियानोखाली झोपे. गुरूगृही राहून शिकणं म्हणतात ते हेच.

नोव्हेंबर १९४१मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोच्या दारात असताना शहर सोडलं नाही म्हणून नेउहाउस यांना अटक झाली. आठ महिन्यांहून जास्त तुरुंग, मग उरालमधल्या स्वेर्दलोव्स्कला रवानगी. तिथेही त्यांनी पहिलं काम केलं ते शिकवायला बसण्याचं.

७. १९३६ साली काय झालं?

शोस्ताकोविच यांचा ‘म्त्सेन्स्क जिल्ह्यातली लेडी मॅकबेथ’ हा ऑपेरा दोन वर्षं जोरात चालला होता. २६ जानेवारी १९३६ला स्टालिन बघायला आला आणि शेवट होण्याआधीच निघून गेला. दोन दिवसांनी ‘प्राव्दा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रात लेख आला, शीर्षक ‘संगीताऐवजी गोंधळ’. (मराठीत हे शीर्षक फसतं, कारण आपल्याकडे गोंधळ हे संगीतच आहे.) लेखाखाली सही नव्हती, म्हणजे तो पक्षाचा आवाज मानायचा. शोस्ताकोविच यांनी चौथ्या सिंफनीच्या तालमी थांबवून ती मागे घेतली. ती पहिल्यांदा वाजली डिसेंबर १९६१मध्ये.

८. आणि १९४८ साली? ती वेगळी घटना का?

वेगळी, आणि शिक्षकांच्या दृष्टीने जास्त जाचक. १९३६चा हल्ला एका माणसावर होता. १० फेब्रुवारी १९४८च्या पक्षाच्या ठरावात मात्र शोस्ताकोविच, प्रोकोफिएव, खाचातुरियान, शेबालिन, पोपोव आणि म्यास्कोव्स्की अशी सहा नावं होती. आरोप ‘फॉर्मलिझम’चा, म्हणजे जनतेला न कळणारं संगीत लिहिता असा. निमित्त झालं मुरादेली नावाच्या संगीतकाराच्या ऑपेराचं. त्यात या सहांपैकी कोणाचा काही हात नव्हता.

शेबालिन यांचं मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचं संचालकपद गेलं. शोस्ताकोविच यांना मॉस्को आणि लेनिनग्राड, दोन्हीकडच्या शिकवण्याच्या नोकरीवरून काढलं. घर चालवायला ते सिनेमाचं संगीत लिहीत राहिले. वर्गात परतले ते १९६१मध्ये, तेही फक्त लेनिनग्राडला. ठरावातली टीका अन्यायाची होती, असं पक्षाने १९५८मध्ये मान्य केलं. म्यास्कोव्स्की १९५०मध्येच गेले होते.

९. शोस्ताकोविच सत्तेच्या बाजूचे की विरोधातले? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात येत नाही. पाचव्या सिंफनीला ‘न्याय्य टीकेला सोव्हिएत कलावंताचं उत्तर’ म्हणतात, ते शब्द एका पत्रकाराचे. स्कोअरवर, म्हणजे रचनेच्या स्वरलिपीवर, तसं काही नाही. १९६०मध्ये ते पक्षाचे सभासद झाले, आणि मुद्रेचं ते क्वार्टेट (प्रश्न ३) त्याच वर्षीचं. दोन वर्षांनी कीवजवळच्या बाबी यारमधल्या ज्यूंच्या कत्तलीवर त्यांनी तेरावी सिंफनी लिहिली, अधिकाऱ्यांची नाराजी पत्करून.

१९७९मध्ये सोलोमोन व्होल्कोव यांनी अमेरिकेत ‘टेस्टिमनी’ हे त्यांच्या आठवणींचं म्हणून पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी लॉरेल फे या अभ्यासिकेने दाखवलं, की त्यातले काही उतारे शोस्ताकोविच यांच्या आधीच छापलेल्या लेखांशी जवळजवळ शब्दशः जुळतात. वाद अजून चालू आहे. मी ते पुस्तक वाचतो, पण त्याच्या आधारावर पैज लावणार नाही.

१०. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये उपाशी वादकांनी सिंफनी वाजवली, हे खरं की प्रचार?

दोन्ही. शोस्ताकोविच यांची सातवी सिंफनी लेनिनग्राडमध्ये वाजली ९ ऑगस्ट १९४२ला, कंडक्टर कार्ल एलियासबर्ग. भूकबळींच्या हिवाळ्यानंतर रेडिओच्या वाद्यवृंदात वाजवू शकणारे पंधराच्या आसपास उरले होते. बाकीचे सैन्याच्या तुकड्यांमधून शोधून आणले. फुंकवाद्यं वाजवायला छातीत दम हवा आणि तोच नव्हता, त्यामुळे सुरुवातीच्या तालमी लवकर आटोपत्या घ्याव्या लागल्या. कार्यक्रमाच्या वेळी जर्मन तोफा गप्प राहाव्यात म्हणून सोव्हिएत तोफखान्याने त्यांच्यावर आधीच मारा केला आणि ध्वनिक्षेपकांवरून संगीत शत्रूच्या खंदकांपर्यंत सोडलं. सरकारने त्याचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला. त्याने तालमींना आलेल्यांची भूक खोटी ठरत नाही.

११. प्रोकोफिएव आणि स्टालिन एकाच दिवशी गेले?

हो, ५ मार्च १९५३. प्रोकोफिएव यांचं घर मॉस्कोच्या मधोमध, स्टालिनचं शव ठेवलं होतं त्या सभागृहाच्या जवळ. गर्दीमुळे गाडी दारापर्यंत येईना. शहरातली फुलं संपलेली. अंत्यविधीला मूठभर माणसं. त्यांची पहिली बायको लीना १९४८पासून छळछावणीत होती. तिला ही बातमी कोणी कळवली नाही. कैद्यांपैकी कोणीतरी रेडिओवर त्यांच्या स्मृत्यर्थ कार्यक्रम झाल्याचं ऐकलं, तेव्हा तिला समजलं. ती सुटली १९५६मध्ये.

१२. मारिया युदिना यांनी स्टालिनसाठी रातोरात मोत्झार्टची रेकॉर्ड केली, ही गोष्ट खरी आहे का?

गोष्ट ‘टेस्टिमनी’तून पसरली (प्रश्न ९) आणि तिला कागदोपत्री पुरावा नाही. खरं जे आहे ते कमी नाही. युदिना उघडपणे धार्मिक होत्या. त्यापायी त्यांची शिकवण्याची नोकरी १९३०मध्ये लेनिनग्राडला गेली, पुढे १९५१मध्ये मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतली आणि १९६०मध्ये ग्नेसिन संस्थेतलीही. कार्यक्रमात मधेच पियानो थांबवून त्या पास्तेरनाकच्या कविता म्हणून दाखवत.

१३. मुलगी पियानो शिकते. तिच्या पुस्तकात काबालेव्स्की फार येतो. तो कोण?

द्मित्री काबालेव्स्की, १९०४ ते १९८७. मुलांचे हात छोटे असतात हे लक्षात ठेवून लिहिणारा माणूस. परीक्षांच्या अभ्यासक्रमांत त्यांच्या रचना येतात त्या उगाच नाही. अर्ध्या पानाची रचना असते, पण तिला डोकं आणि शेपूट दोन्ही असतं. साठी ओलांडल्यावर ते साध्या शाळेत संगीताचे तास घेऊ लागले. पृथ्वी तीन देवमाशांच्या पाठीवर उभी आहे, अशी जुनी रशियन कल्पना. त्यांनी मुलांना सांगितलं, संगीतही तीन देवमाशांवर उभं आहे: गाणं, नाच आणि कूच. हा अभ्यासक्रम पुढे देशभर लागू झाला.

दुसरी बाजूही सांगतो. १९४८च्या यादीच्या (प्रश्न ८) मसुद्यात त्यांचं नाव होतं आणि शेवटच्या यादीत त्या जागी पोपोव आले, असं अभ्यासक सांगतात. मुलीला हे आत्ता सांगायची गरज नाही.

१४. तिखोन ख्रेन्निकोव खलनायक होते का?

१९४८पासून १९९१पर्यंत संगीतकार संघ त्यांच्या हातात होता. सहकाऱ्यांवर टीकेची भाषणं त्यांनी केली. १९७९मध्ये गुबायदुलिना आणि एदिसोन देनिसोव यांच्यासह सात जणांना नाव घेऊन झोडपलं. त्यांचे समर्थक म्हणतात, की लेखकांच्या मानाने संगीतकार कमी मेले, ते त्यांनी सांभाळून घेतलं म्हणून. असेल. पण फेब्रुवारी १९५३मध्ये वाइनबर्ग यांना अटक झाली तेव्हा अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं शोस्ताकोविच यांनी.

१५. यात आपल्याकडचं काही आहे का, की सगळं दूरचंच?

मुंबईत आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ सुरू झाला. खुशरू संतूक यांच्यासोबत त्याचे संस्थापक होते मारात बिसेंगालिएव. ते कझाखस्तानचे आणि मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकलेले. वाद्यवृंदात कझाख वादक बरेच, आणि त्याच संस्थेच्या अकादमीत मुंबईची मुलं सोल्फेजसकट शिकतात. प्रश्न ४ मध्ये सांगितलेलं प्रत्यक्ष बघायचं असेल तर ओदेसाला जायला नको.

१६. वाचा गेल्यावरही एकाने सिंफनी लिहिली, असं तुम्ही एकदा म्हणाला होता. कोणी?

व्हिस्सारियोन शेबालिन. १९४८मध्ये पद गेलेले. १९५३ आणि १९५९ असे पक्षाघाताचे दोन झटके आले. दुसऱ्यानंतर बोलणं जवळजवळ गेलं. वस्तूचं नाव आठवेना, वाक्य लावता येईना, वाचताना आणि लिहिताना हाल. संगीत मात्र जागच्या जागी होतं. विद्यार्थी वही घेऊन येत, ते ऐकत आणि दुरुस्ती करत. १९६२मध्ये पाचवी सिंफनी पूर्ण केली, पुढच्या वर्षी गेले. मेंदूतज्ज्ञ अलेक्सांद्र लुरिया आणि सहकाऱ्यांनी १९६५मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. भाषा आणि संगीत मेंदूत वेगवेगळं नांदू शकतं, याचा दाखला म्हणून तो आजही पुढे केला जातो. देनिसोव आणि गुबायदुलिना, दोघंही शेबालिन यांच्याकडे शिकले. म्हणजे प्रश्न १४ मधल्या सातांतले दोघे इथले.

१७. छळछावणीत कोणी संगीतकार गेले का? तिथे काही लिहिलं गेलं?

गेले. कारखान्याच्या यंत्रांचा आवाज वाद्यवृंदात आणणारे अलेक्सांद्र मोसोलोव १९३७मध्ये पकडले गेले, शिक्षा आठ वर्षांची. त्यांचे जुने गुरू ग्लिएर आणि म्यास्कोव्स्की यांनी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी ते सुटले. १९३७-३८ साली कोणासाठी अर्जावर सही करणं काय होतं, हे त्या काळाबद्दल थोडं वाचलेल्यालाही कळेल.

व्हसेवोलोद झादेरात्स्की यांच्यासाठी अर्ज करायला कोणी नव्हतं. १९२६च्या अटकेत त्यांची तोवरची हस्तलिखितं नष्ट झाली. १९३७मध्ये पुन्हा अटक होऊन अतिपूर्वेकडच्या कोलिमाच्या छळछावण्यांत पाठवले गेले. ते गोष्टी रंगवून सांगत, त्यामुळे पहारेकऱ्यांकडून थोडा कागद मिळे, असं त्यांच्या मुलाने नोंदवलं आहे. तारेच्या कोऱ्या फॉर्मवर, वहीच्या पानांवर, पेन्सिलीने, जवळ वाद्य नसताना त्यांनी चोवीस प्रिल्यूड (छोट्या प्रास्ताविक रचना) आणि फ्यूग (एकच धून अनेक आवाजांत गुंफणाऱ्या रचना) लिहिले. प्रत्येक स्वरपट्टीत एक जोडी. शोस्ताकोविच यांचा तसाच संच नंतरचा, १९५०-५१चा. १९३९मध्ये सुटल्यावर झादेरात्स्की यांनी गावोगावच्या संगीतशाळांत शिकवलं आणि शेवटी ल्विवच्या कॉन्झर्व्हेटरीत. १९५३मध्ये तिथेच वारले. तो संच सलग पहिल्यांदा वाजला २०१४ साली, मॉस्कोत.